तीन शब्द नीट वाचेपर्यंत

कांग बोवेनने युएचिनला ‘ताई’ म्हटलं की खोलीतल्या जाणत्यांनी आपापले पेले उचलून छातीशी धरायचे, अशी रीतच पडून गेली होती. एरवी तो तिला नावानेही हाक मारत नसे. सुरुवातीला दोघांत अरे-तुरे होतं. मग कधीतरी तो ‘तुम्ही’वर गेला, त्याच्यामागून तीही गेली, आणि त्या ‘तुम्ही’त आदर औषधालाही सापडला नसता.

“ताई,” तो म्हणाला, “आज तुमचं काय ते उरकून टाकू.”

गू शाओफानने कोहळ्याच्या चहाचा पेला उचलला. इथलं काम चालवणाऱ्या तिघांतला हा तिसरा. भांडण सुरू झालं की याला भूक लागायची, आणि अलीकडे त्याचं वजन फार वाढलं होतं.

ताइनानच्या जुन्या भागात, सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली. महिन्यातल्या एका शनिवारी ‘शिंगाडा’ची मंडळी तिथे जमत, पाचला खोली सोडत, कारण पाचनंतर तिथे नाच शिकवायचे. शिंगाडा हा त्यांचा कंपायलर, खरं तर कंपायलरचं नुसतं पुढचं अंग. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आधी वाचायचा, शब्द सुटे करायचे, त्यांची वाक्यं लागतात का बघायचं, चुकलं असेल तिथे बोट ठेवायचं आणि सगळं ठीक असेल तरच आतल्या यंत्राकडे पाठवायचं. दारावर बसलेल्या कारकुनाचं काम. हे अंग एकदा नीट जमलं की कुणीही ते उचलून आपल्या भाषेला जोडावं, कुणीही आत डोकावावं, कुणीही सुधारावं. पैसे नाहीत, कुलूप नाही. बोवेन मूळचा ग्वानत्येनचा, जिथे तळ्यातळ्यांत शिंगाडे होतात. वाचणाऱ्याला दोन शिंगं हवीत, एक शब्दाला टोचायला आणि एक वाक्याला, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. तेव्हा तो विनोद करायचा.

चुकलं तिथे बोट ठेवायचा भाग युएचिनचा. ती छत्र्यांच्या कारखान्यात हिशेब बघायची. कारखाना समुद्रापलीकडे गेला, ती अलीकडे राहिली, आणि रिकामपणी एकटीच प्रोग्रॅम लिहायला शिकली. त्या शिकण्यात परक्या कंपायलरांनी तिचा इतका पाणउतारा केला की एक तरी कंपायलर माणसासारखा बोलला पाहिजे, असं तिने मनाशी धरलं. पहिली चूक दिसली की तोंडावर दार आपटायचं नाही. सावरायचं, पुढे वाचत राहायचं आणि सगळ्या चुका एकदम, घरच्या भाषेत सांगायच्या. आता ती लोकविद्यापीठात निवृत्त लोकांचा वर्ग घ्यायची. ते सगळे शिंगाड्यावरच शिकत, आणि त्यांतला एकही अजून पळालेला नव्हता.

बोवेनने नवा वाचक, म्हणजे प्रोग्रॅम वाचणारा भाग, लिहिला होता. वेगाला तोड नव्हती. पण पहिली चूक दिसली की ओळीचा आकडा सांगून तो गप्प. नवी आवृत्ती आज पाचला बंद होणार होती, त्यानंतर तिच्यात काही घालता येणार नव्हतं. युएचिनने आपला भाग नव्या वाचकावर बसवून कधीच मंजुरीसाठी ठेवला होता. दोन मंजुऱ्या लागत. शाओफानची मिळाली होती. बोवेनची आज मिळाली नाही, तर जुन्या वाचकाबरोबर तिचा भागही अडगळीत जाणार होता.

आजवर तिला तारलं होतं ते बोवेनच्याच एका नियमाने. ज्याला विरोध करायचाय त्याने चाचणी आणायची. ‘मला पटत नाही’ याला शिंगाड्यात किंमत नाही. यंत्रावर चालवून दाखवा. बोवेनने कुरकुर केली की ती शांतपणे म्हणायची, “चाचणी आणा.” या दोन शब्दांत तिला फार सुख मिळायचं.

“आणलीय,” बोवेन आज म्हणाला, आणि त्याने पडदा खाली ओढला.

युएचिनने मागे वळून पाहिलं. शेवटच्या खुर्चीत लाय जिनशुई बसले होते. शहर बसचे निवृत्त चालक, तिच्या वर्गातले सगळ्यांत वयस्कर विद्यार्थी, मांडीवर वाफेवरच्या शिंगाड्यांची पिशवी. तिनेच त्यांना बोलावलं होतं. ‘काही बोलायचं नाही काका, नुसतं बसायचं, म्हणजे हे कोणासाठी चाललंय ते यांना दिसेल.’ लाय काका आज्ञाधारकपणे दिसत होते.

“ही फाइल मला आपल्याच तक्रारींत सापडली,” बोवेन म्हणाला. “कोणा महाभागाने टाकलीय. बसचं वेळापत्रक बनवतोय बहुतेक. चौदाव्या ओळीत एक महिरपी कंस चुकलाय. एकच. आता ताईंचा भाग काय म्हणतो ते ऐका.”

त्याने फाइल चालवली. पडद्यावर तक्रारी उमटू लागल्या, वर सरकू लागल्या, धावू लागल्या. हा शब्द इथे चालत नाही. हाही चालत नाही. याच्याआधी काहीतरी राहिलंय. हे कुठून आलं कळत नाही. तीनशेच्या वर गेल्या तेव्हा थांबल्या. पहिल्या रांगेतली दोन मुलं हसली.

“एका कंसापायी तीनशे गाऱ्हाणी,” बोवेन म्हणाला. “आणि सगळी अगदी प्रेमळ शब्दांत. यापेक्षा सासू परवडली.”

आता सगळेच हसले. शाओफानही हसला, मग त्याला ते लक्षात आलं आणि त्याने पेरू तोंडात कोंबला.

युएचिन उठून पडद्याजवळ गेली. चौदावी ओळ बघताच तिला कळलं. कंस रुंद होता. चिनी टंकन बंद करायचं राहिलं की कंस, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं सगळं रुंद उमटतं. डोळ्याला जवळपास तसंच दिसतं, यंत्राला मात्र अनोळखी. ही चूक त्या खोलीतल्या प्रत्येकाने केली होती आणि प्रत्येकाने ‘मी नाही’ म्हटलं असतं. रुंद गोल कंस, रुंद अर्धविराम हे तिने आपल्या भागाला कधीच शिकवून ठेवले होते. महिरपी कंस रुंद उमटवेल असं माणूस तिला अजून भेटलं नव्हतं.

“ते माझं आहे,” मागून लाय काका म्हणाले.

कुणी वळून पाहिलं, कुणी मुद्दाम पाहिलं नाही.

“फाइल माझी आहे. मी एका बोटाने टाइप करतो. होतं असं कधीकधी.”

बोवेनचे कान लाल झाले, पण आवाज तसाच राहिला. “बरं झालं आलात. मग तुम्हीच सांगा. या तीनशे ओळी वाचल्यात तुम्ही?”

लाय काकांनी युएचिनकडे पाहिलं. ती ‘सांगा’ म्हणाली नाही, ‘नको’ही म्हणाली नाही.

“नाही,” ते म्हणाले. “पहिली वाचायला घेतली तोवर ती वर पळाली. मला वाटलं, मशीन बिघडवलं मी. फाइल तक्रारींत टाकली आणि बंद करून टाकलं. आठवडाभर हात लावला नाही.” मग खालच्या आवाजात, “बाई, तुम्हाला सांगणार होतो. म्हटलं, वाईट वाटेल.”

बोवेनने हात पसरले. सरकारी वकिलाला आरोपीचाच साक्षीदार फितूर होऊन मिळाला की तो असाच उभा राहत असेल.

“आता तुमचा वाचक चालवा,” युएचिन म्हणाली.

“कशाला?”

“चाचणी आहे ना? मग दोघांची होऊ दे.”

त्याने चालवली. पडद्यावर एकच ओळ आली: ओळ चौदा, अनोळखी चिन्ह.

लाय काका पिशवी सांभाळत पडद्यापर्यंत आले आणि नाक लावून चौदावी ओळ बघू लागले. “इथे अनोळखी काय आहे? कंसच तर आहे. कंस हवाच होता ना इथे?”

“तो रुंद आहे,” बोवेन म्हणाला.

“हे तुम्ही आत्ता सांगताय. हा कुठे सांगतोय? याच्या भरवशावर मी जन्मभर या ओळीकडे बघत बसलो असतो.”

“काका, हे तुमच्यासाठी बनवलेलंच नाहीये.”

“बाई म्हणाल्या, सगळ्यांसाठी आहे.”

बोवेन युएचिनकडे वळला. “पाचपर्यंत वेळ आहे. याच फाइलवर तुमचा भाग तोंड सांभाळून बोलला, आणि बाकीच्या चाचण्या मोडल्या नाहीत, तर बघू. माझा वाचक निदान खोटं तरी बोलत नाही.”

“मुका माणूसही खोटं बोलत नाही,” ती म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

जेवायला सगळे खाली गेले. ती गेली नाही. तिने आपल्या रुंद चिन्हांच्या कोष्टकात महिरपी कंसांची जोडी घालायला घेतली. एवढंच तर राहिलं होतं. घातलं की प्रश्न मिटला.

“आणखी एक चिन्ह?” बोवेन तिच्या खुर्चीमागे उभा होता. तोही जेवायला गेला नव्हता. “उद्या हे काका आणखी काहीतरी शोधतील, मग तेही घालाल. परवा आणखी. नातवामागे वाटी घेऊन धावणाऱ्या आज्या बघितल्यात ना बागेत?”

“तुमची आजी धावली असेल म्हणून तर एवढे वाढलात.”

“माझी आजी तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात शिंगाडे काढत होती. धावायला वेळ नव्हता तिला.” तो जाऊन खिडकीशी बसला, तिच्याकडे पाठ करून.

हलकटाचं म्हणणं बरोबर होतं, आणि हेच तिला सहन होत नव्हतं. चूक कंसाची नव्हती. चूक नंतरची होती. एक न कळणारं चिन्ह आलं की तिचा भाग तेवढंच सोडून पुढच्या शब्दावर उडी मारायचा, तो जुळत नाही म्हणून त्याचीही तक्रार, मग त्याच्या पुढच्याची. पुढच्या शब्दांत काही वाईट नव्हतं. एकदा बिनसल्यामुळे ते सगळे वाईट ऐकू येत होते, इतकंच.

तिने किबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

बोवेनशी तिचं नेमकं कशावरून बिनसलं होतं? प्रोग्रॅममधल्या कुठल्याशा तुकड्याच्या नावावरून. तिने ठेवलेलं नाव त्याने सगळ्यांदेखत बदललं होतं. त्यानंतर त्याने ‘आज ऊन आहे’ म्हटलं तरी तिला त्यात टोमणा दिसायचा. त्यातले निम्मे खरंच टोमणे होते, हा भाग वेगळा. पण उरलेल्या निम्म्यांचं काय? तेही तिने गाऱ्हाण्यांत जमा केलेच होते.

यावरचा उपाय जुना होता. ती शिकत होती तेव्हाच कुठेतरी वाचला होता, आणि उद्धट म्हणून टाकून दिला होता. चूक सापडली की ती एकदा सांगायची. मग तोंड मिटायचं. वाचणं थांबवायचं नाही, पण बोलायचंही नाही, सलग तीन शब्द नीट जुळेपर्यंत. तीन जुळले की आपण पुन्हा रस्त्याला लागलो असं समजायचं आणि मग पुढची चूक दिसली तर खुशाल बोलायचं. मध्येच पुन्हा अडखळलं, तर मनातल्या मनात अडखळायचं आणि मोजणी पहिल्यापासून. तिला तेव्हा वाटलं होतं, चुकलेल्या माणसासमोर हे काय घुम्यासारखं बसणं. आता वाटलं, घुमेपणा नव्हे तो. एवढी सभ्यता तर माणसांतही नसते.

मंडळी जेवून आली तेव्हा ती लिहीत होती. तिने कंसही कोष्टकात घातला, आणि मौनही. दोन्ही लागणार होतं. तीनला थोडा अवकाश असताना तिने काम चाचण्यांच्या यंत्राकडे पाठवलं.

ते यंत्र कोपऱ्यात होतं. कुणीतरी दान दिलेलं, म्हातारं, पंख्याचा आवाज करणारं. सगळ्या चाचण्या त्यातून पार पडल्याशिवाय काही मंजूर होत नसे. त्याच्या डोक्यावर, त्या शहरातल्या सगळ्याच यंत्रांवर असते तशी, नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवलेली असायची. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी, फुगलेली हवी आणि मुदतीतली हवी.

शाओफान यंत्राकडे गेला आणि तिथेच उभा राहिला. “पुडी कुठे गेली?”

खोलीत कुरकुर आवाज येत होता. तो थांबला.

लाय काकांच्या हातात पुडी होती. फोडलेली.

“मुदत संपली होती हिची,” ते म्हणाले. “मागच्या महिन्यातच. आमच्या डेपोत तिकिटाच्या यंत्रावर ठेवायचो आम्ही. मुदत संपलेली ठेवली की ते जास्त बिघडायचं. आणि टाकून कसं द्यायचं? अन्न आहे.”

“चाचण्या चालू आहेत आत्ता,” शाओफान क्षीण आवाजात म्हणाला.

सगळ्यांनी बोवेनकडे पाहिलं. परदेशात शिकून आलेला, या पुडीला दर महिन्याला ‘अडाण्यांचा देव’ म्हणणारा बोवेन. सगळे हसण्याच्या तयारीत होते. तो खुर्चीवरून उठला, कोणाकडेही न बघता जिना उतरून गेला. जाताना त्याने दार आपटलं.

“गेला,” पहिल्या रांगेतला मुलगा म्हणाला. “आता मंजुरी कोण देणार?”

युएचिन आपल्या पडद्याकडे वळली. पडद्यावर चाचण्या एकेक करून पार पडत होत्या, बैलगाडीच्या गतीने. लाय काकांनी शरमून तिच्यापुढे शिंगाडे ठेवले आणि स्वतःच दाताने फोडून सोलून द्यायला लागले. ती खात होती आणि दाराकडे बघत नव्हती. दाराकडे न बघण्यात फार श्रम पडतात.

बराच वेळ गेल्यावर जिन्यावर पावलं वाजली. बोवेन आला तो घामाने निथळत. चष्म्यावर धुकं. हातात नवीकोरी हिरवी पुडी.

“खाली पिवळ्या होत्या फक्त,” तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. “त्याच्यापुढच्या दुकानातही पिवळ्याच. देवळापर्यंत जावं लागलं.” पुडी उलटी करून त्याने मुदत वाचली, पुन्हा वाचली, आणि यंत्राच्या डोक्यावर ठेवली. चित्र समोर येईल अशी. मग शर्टाने चष्मा पुसला.

हसणं कोणालाच सुचलं नाही. युएचिनच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तिने ते गिळलं. एक नीट जुळलं, तिने मनात मोजलं.

चाचण्या संपल्या. एकही मोडली नाही. उरली ती काकांची फाइल.

“चालवा,” बोवेन म्हणाला.

तिने चालवली. पडद्यावर दोनच वाक्यं आली आणि तिथेच थांबली. पळाली नाहीत.

*ओळ चौदा: हा कंस रुंद आहे. चिनी टंकन बंद करून पुन्हा उमटवा.*

*ओळ तीस: इथे उघडलेलं अवतरणचिन्ह मिटलेलं नाही.*

लाय काका पुन्हा पडद्याला नाक लावून उभे राहिले. “तिसाव्यातही चूक होती?”

“होती, काका.”

“तीनशेंत कुठेतरी असेल ती.”

“असेल.”

“आणि यांच्यात,” त्यांनी अंगठ्याने मागे बोवेनकडे दाखवलं, “चौदा दुरुस्त केल्यावर कळली असती. म्हणजे घरी पोचल्यावर मागच्या थांब्याची घंटा.”

बोवेन ऐकत नव्हता. तो तिचं काम ओळ न् ओळ वाचत होता, आणि प्रत्येक ओळीला शेरा मारत होता. इथे उगाच दोनदा तपासलंय. इथली मांडणी बघून लाज वाटली. ही टिपणं इंग्रजीत आहेत की तुमच्या छत्रीच्या कारखान्यातली पावती. ती शेरा वाचायची आणि दुरुस्ती करायची. शेरा, दुरुस्ती. एका जागी तो थांबला.

“या भागाचं नाव काय ठेवलंय हे? ‘गप्प बस’?”

“तेच करतो तो.”

“नाव बदला.”

“बदलणार नाही.”

शाओफानने पेला उचलला. खाली सायकलवाल्याने कुठलं तरी चाक फिरवून सोडून दिलं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

“कारण?” बोवेन म्हणाला.

“विरोध असेल तर चाचणी आणा.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. सरळ, खूप दिवसांनी. मग मान खाली घालून त्याने दोन बटणं दाबली, आणि तिच्या पडद्यावर त्याच्या नावासमोर मंजुरीची खूण उमटली. शेजारी एक शब्द लिहिला होता: चालेल. काम आत गेलं. पाचला नवी आवृत्ती बंद होणार होती, आणि युएचिनचा भाग तिच्यात होता.

दोन, तिने मोजलं.

नाचाचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले होते, बायका हातात बुटांच्या पिशव्या घेऊन. मंडळी आवराआवर करायला लागली. लाय काका उरलेले शिंगाडे वाटत फिरत होते. त्यांनी बोवेनपुढेही धरले. “घ्या साहेब. ग्वानत्येनचेच आहेत. शेंगा आहेत का हो तुमच्या तळ्यात अजून?”

“शेंगा नसतात शिंगाड्याला,” बोवेन म्हणाला, पण त्याने एक घेतला, दोन्ही शिंगांना धरून मोडला आणि सफाईने गर काढला. काकांना दहा वेळा दात लावावे लागत होते.

युएचिन पिशवी खांद्याला लावून दाराशी थांबली. आता त्याच्याकडून तिसरं काही नीट आलं की बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. ‘आभार’ म्हणायचं नव्हतं. पण ‘देवळापर्यंत चालत गेलात की सायकल घेतलीत’ एवढं विचारायला हरकत नव्हती. कदाचित ‘गेलास’ म्हणूनही बघता आलं असतं.

बोवेन हात पुसत तिच्याजवळून जाताना थांबला.

“ताई,” तो म्हणाला, “पुढच्या वेळी तुमच्या विद्यार्थ्यांना घरीच ठेवा. आणि इंग्रजी शिका जरा.”

तो जिना उतरून गेला.

लाय काका शिंगाड्यांची पिशवी मिटत तिच्याकडे बघत होते. तिने ओठ उघडले होते. ते मिटले. दिवा बंद करता करता तिने मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरली.